उद्योगांची उबवणी

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात बफेलो आणि रॉचेस्टर ही दोन मोठी शहरे आहेत. त्यांच्या दरम्यान बटाव्हिया नावाचे एक लहानसे शहर वसलेले आहे. भोवतालचा मुलूख शेतीचा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पीककापणीची यंत्रे तयार करणारा एक कारखाना उभा राहिला, आणि पुढे तो मॅसी-हॅरिस या कॅनेडियन कंपनीच्या मालकीचा झाला. शहराची वाढ या कारखान्याच्या आधाराने झाली. बापाच्या हाताखाली मुलाने काम शिकावे आणि बापाच्या मागे त्याच जागी उभे राहावे, अशी तेथील अनेक घरांची रीत होऊन गेली.

1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने हा कारखाना बंद केला. सुमारे दोन हजार कामगार बेकार झाले. मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्यास हा आकडा फारसा मोठा वाटणार नाही. परंतु बटाव्हियाची एकूण लोकवस्तीच त्या वेळी अठरा हजारांच्या आसपास होती. काम करू शकणाऱ्या दर पाच माणसांपैकी जवळजवळ एक माणूस हातावर हात ठेवून घरी बसला. कामगाराचा पगार थांबला, की त्याचा परिणाम त्याच्या घरापुरता राहत नाही. वाण्याची उधारी तुंबते, शिंप्याकडे कापड येईनासे होते, घरमालकाचे भाडे थकते आणि धडधाकट तरुण गाव सोडून कामाच्या शोधात बाहेर पडतात. एका कारखान्याच्या दाराला कुलूप लागले म्हणजे गावातील किती दारांना हळूहळू कुलपे लागतील, याचा अंदाज बांधणे कठीण असते.

कारखाना गेला; इमारत मात्र जागच्या जागी उभी होती. तिचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ लाख चौरस फूट, म्हणजे जवळजवळ वीस एकर, होते. मँक्युसो नावाच्या एका स्थानिक व्यापारी कुटुंबाने ती विकत घेतली. या कुटुंबाचे शहरात अनेक व्यवसाय होते. त्यांपैकी लोखंडी सामानाचे दुकान पाहणाऱ्या जोसेफ मँक्युसो या तरुणावर ही प्रचंड वास्तू उपयोगात आणण्याची जबाबदारी येऊन पडली.

प्रथम त्याने कोणीही करील तोच विचार केला. एक मोठा कारखाना गेला, तेव्हा तितकाच मोठा दुसरा कारखाना आणावा आणि सर्व इमारत त्याला भाड्याने द्यावी. त्याने पुष्कळ शोध केला. पण एवढी मोठी, जुनी आणि मजल्यांवर मजले असलेली इमारत घेण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा त्याने वेगळा विचार केला. दोन हजार माणसांना काम देणारा एक मालक मिळत नसेल, तर थोड्या थोड्या माणसांना काम देणारे पुष्कळ मालक का मिळू नयेत? एका आधाराऐवजी अनेक आधार असले, तर त्यांतील एखादा निखळला तरी सारे शहर पुन्हा तसे कोसळणार नाही, हाही त्यात लाभ होता.

1959 साली त्याने इमारतीचे लहानमोठे गाळे पाडून ते भाड्याने देण्यास आरंभ केला. या जागेला ‘बटाव्हिया इंडस्ट्रियल सेंटर’ असे नाव मिळाले. केवळ गाळे पाडून भाडे वसूल करणारे मालक जगात सर्वत्र आहेत, आणि मँक्युसो तेवढेच करता तर त्याचे नाव आज कोणी घेतले नसते. त्याच्या ध्यानात आले, की लहान उद्योग सुरू करणाऱ्या माणसाला आपले काम येत असते, परंतु कामाभोवतालची कामे येत नसतात. उत्तम सुताराला हिशेबाची वही लिहिता येतेच असे नाही. चांगले यंत्र करणाऱ्याला बँकेत जाऊन कर्ज कसे मागावे हे ठाऊक असतेच असे नाही. म्हणून मँक्युसोने गाळेधारकांना कार्यालयीन कामाची सामाईक सोय करून दिली, व्यवहाराचा सल्ला दिला आणि भांडवल उभे करण्याच्या कामी साह्य केले.

आरंभीच्या गाळेधारकांत नाना प्रकारचे लोक होते. एक द्राक्षाचे मद्य तयार करणारा होता, एक धर्मादाय संस्था होती, आणि कनेक्टिकट राज्यातून आलेली कोंबड्यांचा व्यवसाय करणारी एक कंपनीही होती. या कंपनीने इमारतीच्या एका भागात पिल्ले आणून ठेविली. गाळ्यांसाठी नवे भाडेकरू शोधीत असता मँक्युसो ही हकीकत लोकांना सांगे आणि थट्टेने म्हणे, की आमची ही जागा म्हणजे उबवणीचे यंत्रच आहे. येथे कोंबडीची पिल्लेही वाढतात आणि उद्योगांचीही. इंग्रजीत उबवणीच्या यंत्राला ‘इनक्युबेटर’ म्हणतात. थट्टेत आलेला हा शब्द पुढे जगभर रूढ झाला. नव्या उद्योगांना आरंभीच्या काळात आधार देणाऱ्या केंद्राला आज ‘बिझनेस इनक्युबेटर’ असे म्हणतात. मराठीत त्याला उद्योग उबवणी केंद्र म्हणता येईल.

थट्टेने दिलेली नावे पुष्कळदा वरवरची असतात. हे नाव मात्र आश्चर्य वाटावे इतके चपखल बसले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी अंडे उबविण्याची क्रिया थोडी बारकाईने पाहावयास हवी.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, तेव्हा ती त्यांना काय देते? अन्न देत नाही. पिल्लाला लागणारे सर्व अन्न अंड्यातच असते. ती देते ऊब. कोंबडीच्या अंड्याला सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस इतकी ऊब सतत एकवीस दिवस मिळावी लागते. ती फार कमी झाली तर जीव वाढत नाही, आणि थोडीशी अधिक झाली तरी तो दगावतो. हवेत ओलावाही बेताचा असावा लागतो. शिवाय कोंबडी चोचीने अंडी अधूनमधून उलटीपालटी करते. तसे न केल्यास आतील जीव कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून बसतो. उबवणी यंत्रातही हीच व्यवस्था केलेली असते. पहिले काही दिवस लोटले म्हणजे जाणता माणूस प्रत्येक अंडे दिव्यासमोर धरून पाहतो. ज्यात जीव धरलेला नाही ते अंडे बाजूला काढतो, कारण ते कुजले तर इतरांनाही अपाय होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या तीन दिवसांत घडते. आता अंडी उलटविणे थांबवितात. पिल्लाच्या चोचीवर या वेळी एक लहानसे टणक टोक आलेले असते. त्या टोकाने ते आतून कवचावर टोचे मारू लागते. प्रथम एक बारीक भेग पडते. मग पिल्लू विसावा घेते, पुन्हा टोचे मारते. या कामाला कित्येक तास लागतात. पाहणाऱ्याला दया येते आणि आपणच कवच सोलून पिल्लाला बाहेर काढावे असे वाटते. परंतु तसे करणे धोक्याचे असते. आतील पापुद्र्यातून त्या वेळी अजून रक्त वाहत असते, आणि अंड्यातील बलक पिल्लाच्या पोटात पूर्णपणे ओढला गेलेला नसतो. घाईने कवच काढले तर पिल्लाला रक्तस्राव होऊन ते मरण्याचा संभव असतो. म्हणून अनुभवी कोंबडीपालक हात आवरून बसतो.

आता उद्योगाकडे वळू. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने एक उपकरण तयार केले आहे. जमिनीत पुरेशी ओल आली, की ते विहिरीवरचा पंप आपोआप बंद करते. तिने ते घरच्या वाफ्यात लावून पाहिले आणि ते चालले. शेजारीपाजारी म्हणू लागले, “हे विकायला काढ, सगळे शेतकरी घेतील.” येथपर्यंतचा मार्ग सोपा आहे. खरी अडचण पुढे सुरू होते.

एक उपकरण करणे निराळे आणि शंभर उपकरणे एकसारखी करणे निराळे. त्यासाठी जागा हवी, हत्यारे हवीत, हाताखाली दोन माणसे हवीत. ओल अचूक मोजली जाते की नाही हे तपासण्यासाठी एक महागडे यंत्र लागते. आणि गंमत अशी, की त्या यंत्राचे काम महिन्यातून एखाद्या दिवशीच पडते. ज्या यंत्राची गरज बारा महिन्यांत बारा वेळा लागणार, ते विकत घेण्यात तिची सारी पुंजी संपून जाईल. बँकेत गेल्यास बँक विचारते, “तारण काय?” गिऱ्हाईक विचारते, “हे आणखी कोणाकडे बसविले आहे?” सरकारी परवान्यांचे कागद कोणत्या कचेरीत द्यावयाचे, हे सांगण्यास कोणी नसते. तिची कल्पना दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून पेटंट घ्यावयास हवे, हे तर तिला ऐकूनही ठाऊक नसते.

या सर्वांवर कळस म्हणजे पैशाची ओढ. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च पेरणीच्या वेळी होतो; पीक हाती येते ते सुगीला. मधल्या महिन्यांत घरखर्च चालवावाच लागतो. उद्योगाची पेरणी आणि सुगी यांच्यामध्ये मात्र चार महिने नव्हेत, तर दोनदोन, तीनतीन वर्षेही जातात. कित्येक चांगल्या कल्पना वाईट म्हणून नव्हे, तर या मधल्या काळात घरात दाणा उरला नाही म्हणून मरतात.

उबवणी केंद्र हा मधला काळ निभावून नेण्यास मदत करते. ते नव्या उद्योजकाला अल्प भाड्याने गाळा देते. गाळा लहान असतो, आणि काम वाढल्यास शेजारचा घेता येतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी मोठ्या जागेचा बोजा अंगावर पडत नाही. महागडे यंत्र केंद्रात एकच असते व सर्व गाळेधारक ते आळीपाळीने वापरतात. हिशेब तपासणारा, कायदा जाणणारा, पेटंटचा अर्ज लिहिणारा अशी माणसे केंद्राशी जोडलेली असतात. कर्ज देणाऱ्या बँकांशी आणि भांडवल गुंतविणाऱ्या लोकांशी केंद्राचा परिचय असतो, आणि केंद्राने पारखून घेतलेल्या माणसाकडे तेही थोड्या विश्वासाने पाहतात. याखेरीज आणखी एक लाभ आहे, तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. शेजारच्या गाळ्यातील माणूसही त्याच संकटातून जात असतो. काल त्याला कोणत्या व्यापाऱ्याने फसविले, हे चहा पिता पिता कळले, तर आज आपण तेथे जात नाही.

केंद्राचा खर्च कसा चालतो, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. काही भाग भाड्यातून निघतो. पुष्कळ ठिकाणी सरकार, विद्यापीठे किंवा मोठ्या संस्था अनुदान देतात. काही केंद्रे उद्योगाच्या मालकीतील लहानसा हिस्सा स्वतःकडे ठेवितात. उद्योग भरभराटीस आला, तर त्या हिश्श्याची किंमत वाढते आणि तो पैसा पुढील उद्योजकांच्या कामी येतो.

बटाव्हियाचा प्रयोग लगेच सर्वत्र पसरला असे मात्र नाही. 1980 सालापर्यंत साऱ्या अमेरिकेत अशी केंद्रे डझनभरच होती. त्यानंतर जुने कारखाने अनेक शहरांत बंद पडू लागले आणि बटाव्हियावर आलेला प्रसंग इतरांवरही आला, तेव्हा लोकांना या कल्पनेची आठवण झाली. संकट स्वतःच्या दारी येईपर्यंत दुसऱ्याच्या उपायाकडे लक्ष जात नाही, हा मनुष्यस्वभाव अमेरिकेतही तोच आहे.

भारतात केंद्र सरकारने 1982 साली विज्ञान व तंत्रज्ञान क्षेत्रातील उद्योजकतेच्या विकासासाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन केले, आणि त्या दशकापासून शिक्षणसंस्थांच्या आवारात अशी केंद्रे उभी राहू लागली. मुंबईत पवई येथील आय.आय.टी. मध्ये 2004 साली ‘साइन’ नावाचे केंद्र निघाले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने 2007 साली ‘व्हेंचर सेंटर’ सुरू झाले. तेथे रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांवर आधारलेले उद्योग करू इच्छिणाऱ्यांना प्रयोगशाळा वापरावयास मिळते. 2016 पासून ‘अटल इनोव्हेशन मिशन’ या योजनेखाली अशा केंद्रांना केंद्र सरकारचे साह्य मिळू लागले. याच योजनेतून अनेक शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघाल्या आहेत, त्यांपैकी एखादी कदाचित तुमच्याही शाळेत असेल.

पवईच्या केंद्रातून बाहेर पडलेल्या एका उद्योगाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या संस्थेत शिकलेल्या काही तरुणांनी माणसाविना उडणारी लहान विमाने, म्हणजे ड्रोन, तयार करण्याचे मनात आणले आणि 2007 साली ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. त्या काळी आपल्याकडे ड्रोन हा शब्द फारच थोड्यांना माहीत होता. गिऱ्हाईक मिळणे दूरच राहिले. 2009 साली ‘थ्री इडियट्स’ या हिंदी चित्रपटात विद्यार्थ्याने तयार केलेले म्हणून जे उडते यंत्र दाखविले आहे, ते या तरुणांच्या यंत्रांपैकीच होते. पुढे संरक्षण दलांनी व पोलिसांनी त्यांची ड्रोन घेतली, आणि 2023 साली या कंपनीचे भाग शेअर बाजारात विक्रीस आले. आरंभापासून तेथवर सोळा वर्षे लागली. मधल्या वर्षांतील पहिली वर्षे केंद्राच्या छायेत गेली.

हा शब्द आपल्याकडे येण्यापूर्वी अशी ऊब कोणी दिलीच नव्हती, असे समजण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिला नांगर विकला जाईपर्यंत दोन वर्षे लोटली. पुढे बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल स्टेशनजवळची माळरान जमीन दिली व कर्जरूपाने पैसेही दिले. 1910 साली निवडुंग तोडून तेथे वसाहत उभारण्यास आरंभ झाला. तीच आजची किर्लोस्करवाडी. येथे जागा, पैसा आणि विश्वास या तिन्ही गोष्टी एका राजाने दिल्या. परंतु असा एखादाच राजा असतो, आणि त्याची मर्जी एखाद्यावरच बसते. राजाच्या मर्जीवर अवलंबून असणारी गोष्ट नियमाने, अनेकांना, अर्ज करून मिळू लागली, हा उबवणी केंद्रातील खरा फरक आहे.

राजे गेले. आता हे काम सरकारखेरीज आणखी कोणी करावे? या प्रश्नाचा विचार गावोगावचे सेवाभावी क्लब करू लागले आहेत. अशा क्लबांपैकी रोटरी क्लबाचा जन्म 1905 साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस नावाचा एक वकील आणि त्याचे तीन व्यावसायिक मित्र आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत. त्या ‘फिरत्या’ बैठकीवरून हे नाव पडले. मुंबईत हा क्लब 1929 साली निघाला. आज लहान गावांतूनही असे क्लब आहेत. डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक असे भिन्न व्यवसायांचे लोक नियमाने एकत्र येतात, एखाद्या जाणत्या माणसाचे व्याख्यान ऐकतात आणि गावासाठी काही काम उचलतात. रक्तदान, नेत्रशिबिरे, शाळेला बाके ही कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. उद्योगाला हात देणे हे काम त्या मानाने नवे आहे आणि ते समजण्यास अवघडही आहे.

एखाद्या तालुक्याच्या गावी अशा क्लबाची बैठक भरली आहे आणि पाहुण्या वक्त्याने बटाव्हियाची हकीकत सांगून संपविली आहे, असे समजू. पहिला प्रश्न बहुधा व्यापारी सभासदाचाच असणार. “साहेब, मी कष्ट करून दुकान उभे केले. आता नव्या पोराला सल्ला देऊन मी माझाच प्रतिस्पर्धी तयार करावयाचा काय?” प्रश्न रोखठोक आहे, आणि त्याला हसून टाळणे योग्य होणार नाही. एखाद्या वेळी खरोखर असे घडूही शकते. परंतु मँक्युसो कुटुंबही व्यापारीच होते, आणि रिकाम्या खिशाच्या गावात भरलेल्या दुकानाचा उपयोग नाही हे त्यांना पुरतेपणी कळले होते. नव्या गाळ्यात पाच माणसांना काम मिळाले, तर त्यांचा पगार याच बाजारपेठेत खर्च होतो.

बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दुसरा प्रश्न काढतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ कर्ज का देऊ नये? त्यावर वक्त्याने त्यांनाच उलट विचारावे, की तुमच्या नोकरीत बुडालेली कर्जे कोणाची होती? सगळी लबाडांची होती काय? पुष्कळशी प्रामाणिक माणसांचीच होती. त्यांनी मालाची किंमत ठरविताना स्वतःच्या मजुरीचा हिशेबच धरला नव्हता, उधारीवर माल दिला आणि वसुलीची वही ठेविली नव्हती. अशा माणसाला पैसा दिल्याने त्याचे बुडणे थोडे लांबणीवर पडते इतकेच. त्याच्या शेजारी आठवड्यातून एक तास बसून त्याची वही पाहणारा निवृत्त बँक अधिकारी मिळाला, तर तो त्याला कर्जाइतकाच, किंबहुना अधिक, उपयोगी पडेल.

मग डॉक्टर विचारतात, “यांतील किती जगतात?” सर्व अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. केंद्रात आलेले काही उद्योग बंद पडतात, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. जी कल्पना चालणारच नव्हती, ती घर गहाण पडण्यापूर्वी, लहान गाळ्यात, थोड्या खर्चात चालत नाही असे कळले, तर तो तरुण कर्जात न बुडता दुसऱ्या कामाला लागतो. दिव्यासमोर अंडे धरून पाहण्याचे हे काम कठोर वाटते. पण जे केंद्र ते टाळते आणि निर्जीव उद्योगांना वर्षानुवर्षे भाड्याची सूट देत राहते, ते होतकरू माणसाची जागा अडवून ठेवीत असते. दारावर सुंदर फलक आणि आत रिकाम्या खुर्च्या अशीही केंद्रे असतात. इमारत म्हणजे केंद्र नव्हे, हे क्लबाच्या सभासदांनी फीत कापण्याच्या उत्साहात विसरू नये.

शाळेतील शिक्षक सर्वांत शेवटी बोलतात. आमच्याजवळ पैसा नाही, इमारत नाही. आम्ही काय द्यावे? या प्रश्नाचे उत्तर त्या बैठकीत बसलेल्या माणसांतच आहे. वकिलाने करारपत्र वाचून पाहावे. व्यापाऱ्याने बाजारभाव सांगावा आणि जमल्यास पहिली दहा उपकरणे आपल्या दुकानात विक्रीस ठेवावीत. ज्याची वखार रिकामी पडली आहे, त्याने तिचा एक कोपरा वर्षभर द्यावा. जवळच्या तंत्रशाळेची लेथ संध्याकाळी बंद असते. ती दोन तास वापरण्याची परवानगी मिळवून द्यावी. आणि शिक्षकांनी, ज्या मुलांचे हात वर्गात सतत काहीतरी उघडीत-जोडीत असतात, त्यांची नावे ध्यानात ठेवावीत.

एक मुद्दा मात्र पहिल्याच दिवशी लेखी ठरलेला असावा लागतो, आणि तो म्हणजे गाळा सोडण्याचा दिवस. बहुतेक केंद्रांत ही मुदत दोन-तीन वर्षांची असते. प्रयोगशाळेवर अवलंबून असलेल्या उद्योगांना काही ठिकाणी अधिक काळ मिळतो. मुदत संपत आली, की केंद्राचे लोक सल्ला कमी कमी करीत जातात. गिऱ्हाइकाशी बोलणे, कर्जाचा अर्ज, कामगारांचा पगार या गोष्टी उद्योजकाने एकट्याने पार पाडावयाच्या असतात. चुकत असले तरी लगेच कोणी धावून येत नाही. मग ठरलेल्या दिवशी त्याचे सामान टेंपोत चढते आणि तो बाजारभावाने भाडे देऊन दुसऱ्या जागेत जातो. इकडे रिकामा गाळा झाडून घेतात, भिंतीला चुना देतात, वीजमापकावरचा आकडा वहीत टिपून ठेवितात आणि बाहेर बाकावर अर्ज घेऊन बसलेल्या पुढच्या माणसाच्या हाती किल्ली देतात.